पिर्च बंद पडला, गप्पा थांबल्या नाहीत

'पिर्च' हे नाव आज फार थोड्यांना आठवेल. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात विंडोजवर चालणारा हा चॅटचा प्रोग्राम नॉर्थवेस्ट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीने काढला होता. तो शेअरवेअर होता. आधी फुकट उतरवून घ्यायचा, काही दिवस वापरायचा आणि पटला तर पैसे पाठवून नोंदणी करायची. इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, या गप्पांच्या जाळ्यात शिरण्यासाठी तो वापरला जाई. एकाच वेळी अनेक सर्व्हरांशी जोडून घेण्याची सोय त्यात होती. त्याच्याहून कितीतरी लोकप्रिय असलेल्या एमआयआरसीमध्ये ती २००२ साली आली. 'पिर्च ९८' ही आवृत्ती बरीच चालली, मग काम मंदावले आणि प्रोग्राम इतिहासजमा झाला.

पण तो बंद पडल्याने कुणाचा मित्र तुटला नाही. ज्याच्या संगणकावर पिर्च चालेनासा झाला त्याने एमआयआरसी किंवा एक्सचॅट घेतला, सर्व्हरचा तोच पत्ता टाकला, तेच टोपणनाव घेतले आणि त्याच चॅनेलवर, म्हणजे गप्पांच्या त्याच खोलीत, जाऊन बसला. समोरच्याला कळलेही नाही की याने प्रोग्राम बदलला. चॅनेल होते तिथेच होते, माणसे होती तिथेच होती. म्हणून पिर्चच्या बंद होण्याची बातमी झाली नाही, आणि ती होण्याचे कारणही नव्हते.

आता त्यानंतरचे बंद पडलेले प्रोग्राम आठवून पाहा. एओएल इन्स्टंट मेसेंजर १५ डिसेंबर २०१७ला बंद झाला. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ला. आयसीक्यू २६ जून २०२४ला. एमएसएन मेसेंजरच्या लोकांना २०१३मध्ये स्काइपवर हलवले गेले आणि ५ मे २०२५ला स्काइपही संपला. यातले बहुतेक प्रोग्राम जाताना आपले सगळे जाळे घेऊन गेले. खाते गेले, ओळख गेली, मित्रांची यादी गेली, आणि त्या यादीतल्या ज्या माणसाचा दुसरा पत्ता आपल्याकडे नव्हता तो माणूसही गेला.

याहू मेसेंजरचे जाणे मराठी माणसाला विशेष लागले असावे असे मला वाटते. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे होते त्या काळात न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियात नोकरीसाठी गेलेल्या मुलाशी बोलायचे ते याहूवरच. आयएसडीचा दर परवडत नव्हता. आई-वडील तासाचे पैसे भरून कॅफेत बसायचे, कॅफेवाला पोरगा त्यांना हेडफोन लावून द्यायचा. त्या संभाषणांतले फार थोडे कुणाकडे उरले आहे. कंपनीने बंद करताना जुने चॅट उतरवून घ्यायला सहा महिन्यांची मुदत दिली होती, पण २००२ साली कॅफेत उघडलेल्या खात्याचा पासवर्ड २०१८ साली कुणाला आठवणार?

पिर्च गेला आणि याहू गेला, या दोन घटनांमधला फरक आपण सार्वजनिक प्रश्न म्हणून पाहायला हवा, असे माझे म्हणणे आहे. रोजचे बोलणे ज्या साधनातून चालते ते साधन कुणाच्या मालकीचे असायला हरकत नाही. ते बोलणेच कुणाच्या मालकीचे झाले, तर मात्र कायद्याने मध्ये पडले पाहिजे. आपल्या देशात ती वेळ आली आहे.

आयआरसी कुणाच्या मालकीचे का झाले नाही, हे थोडे सविस्तर पाहू. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ऑगस्ट १९८८मध्ये ते सुरू केले. मे १९९३मध्ये त्याचे नियम आरएफसी १४५९ या जाहीर दस्तऐवजात छापले गेले: सर्व्हरला निरोप कसा पाठवायचा, चॅनेलवर कसे जायचे, टोपणनाव कसे बदलायचे. ते नियम वाचून कुणीही प्रोग्राम लिहू शकत होता आणि कुणीही सर्व्हर उभारू शकत होता. परवानगी मागायला कुणी मालकच नव्हता. ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोत उठाव झाला, वृत्तमाध्यमांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा तिथल्या घडामोडी जगाला आयआरसीवरून कळत होत्या. त्याच वर्षीच्या आखाती युद्धातही लोक बातम्यांसाठी तिथे जमले होते. एखाद्या कंपनीचे बटण दाबून ते बंद करता येणार नव्हते.

या रचनेची खरी परीक्षा बरीच नंतर, २०२१मध्ये झाली. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे सर्वांत मोठे आयआरसी जाळे होते फ्रीनोड. तिथे मालकीवरून वाद पेटला, ते चालवणारे बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी मे महिन्यात लिबेरा चॅट नावाचे नवे जाळे उभे केले. काही आठवड्यांत उबुंटू, विकिमीडिया यांच्यासारखे मोठे प्रकल्प तिकडे गेले. वापरणाऱ्याने काय बदलले? आपल्या प्रोग्राममधला सर्व्हरचा पत्ता, आणि नव्या ठिकाणी नावाची नोंदणी. इथे तर प्रोग्राम नव्हे, जाळेच बिघडले होते, तरी माणसे एकमेकांना सोडून न जाता एकत्र बाहेर पडली. व्हॉट्सअॅपवरचा एखादा शंभर जणांचा गट दुसरीकडे हलवायचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला हे केवढे मोठे स्वातंत्र्य आहे ते वेगळे सांगायला नको.

शेअरवेअरचा धंदाही या मोकळेपणाला धरून होता. १९८२मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन याने 'पीसी-टॉक' हा मोडेमवरून दुसऱ्या संगणकाशी जोडून देणारा प्रोग्राम वाटायला सुरुवात केली: प्रती काढा, मित्रांना द्या, उपयोगी वाटला तर २५ डॉलर पाठवा. जिम नॉफचा 'पीसी-फाइल' त्याच वर्षीचा. पुढे १९९५मध्ये खालेद मर्दम-बे याचा एमआयआरसी आला, त्याची नोंदणी २० डॉलरची. पिर्च याच घराण्यातला. या लेखकांना विकायला एकच वस्तू होती, आपला प्रोग्राम. तुमचे मित्र त्यांच्याकडे नव्हते, त्यामुळे मित्रांच्या जोरावर तुम्हाला अडकवून ठेवणे त्यांना शक्यच नव्हते. प्रोग्राम चांगला असेल तर तुम्ही राहाल, नसेल तर जाल. आपल्याकडे त्या काळात आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड फार थोड्यांच्या हाती होते आणि डॉलर पाठवणे हा बँकेतला मोठा खटाटोप होता. त्यामुळे मासिकांबरोबरच्या सीडींवरून घरोघरी पोचलेले असे कित्येक प्रोग्राम भारतात पैसे न देताच वापरले गेले. त्या लेखकांचे आपण देणे लागतो, ही जाणीव आपल्याकडे फारशी नव्हती, याची मला आजही हळहळ वाटते.

बंद जाळ्यांचा हिशेब उलटा होता. इस्रायलमधल्या मिराबिलिस कंपनीने १९९६मध्ये आयसीक्यू काढला तो फुकट. अवघ्या दीड वर्षात, जून १९९८मध्ये, एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने ही कंपनी २८ कोटी ७० लाख डॉलर देऊन विकत घेतली. मिराबिलिसला उत्पन्न असे जवळपास नव्हते. एओएलने मोजली ती किंमत लाखो लोकांच्या ओळखीच्या याद्यांची होती. याद्याच मालमत्ता ठरल्यावर त्यांच्याभोवती कुंपण येणारच.

ते आले. जुलै १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला मेसेंजर बाजारात आणला आणि त्यातून एओएलच्या लोकांनाही निरोप जातील अशी व्यवस्था केली. एओएलने वाट अडवली. मायक्रोसॉफ्टने दुसरी वाट काढली, एओएलने तीही अडवली. काही महिने हा खेळ चालून अखेर मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. जानेवारी २००१मध्ये एओएल आणि टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणाला मान्यता देताना अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने अट घातली: मेसेंजरवरून व्हिडिओसारख्या प्रगत सेवा द्यायच्या असतील, तर आधी इतरांच्या मेसेंजरशी जोडून घ्या. ऐकायला अट चांगली वाटते. पण ती भविष्यातल्या सेवांवर होती, रोजच्या साध्या निरोपांना तिने हातच लावला नाही. एओएलने जाळे उघडले नाही आणि ऑगस्ट २००३मध्ये आयोगाने अट मागे घेतली. हे आपण नीट लक्षात ठेवायला हवे. नियम करायचा तर आज लोक जे वापरतात त्यावर करायचा, उद्या कदाचित येईल त्यावर नव्हे.

कंपन्या आपण होऊन जाळे उघडतील, ही आशाही करून झाली आहे. गूगल टॉक २००५मध्ये आला तो एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे निरोपांच्या देवाणघेवाणीच्या जाहीर नियमांवर. जानेवारी २००६पासून त्यावरून दुसऱ्यांच्या सर्व्हरवरच्या माणसाशीही बोलता येऊ लागले. भारतात जीटॉक किती वापरला गेला हे त्या पिढीला माहीत आहे. ऑफिसात दिवसभर कोपऱ्यात उघडा असे. २०१३मध्ये गूगलने हँगआउट्स आणले आणि बाहेरच्या सर्व्हरांशी असलेला तो दरवाजा तिथे राहिला नाही. फेसबुकनेही २०१०मध्ये आपल्या चॅटला एक्सएमपीपीची खिडकी ठेवली होती, ती २०१५मध्ये बंद केली. दोन्ही कंपन्यांना कुणी जाब विचारू शकले नाही, कारण दिलेली सोय ही त्यांची मेहेरबानी होती. मेहेरबानी काढून घेता येते. हक्क काढून घेण्यासाठी कायदा बदलावा लागतो.

या मताला जे आक्षेप घेतले जातात ते हलके नाहीत. सर्वांत वजनदार आक्षेप सिग्नल या मेसेंजरचे निर्माते मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६मध्ये मांडला: ज्या प्रोटोकॉलवर अनेकांचे प्रोग्राम चालतात तो गोठून जातो, त्यात सुधारणा करणे अशक्य होते, एकाच कंपनीच्या हाती असलेले अॅप झपाट्याने सुधारते. आयआरसीकडे पाहिले तर यात तथ्य आहे. तिथे जुने बोलणे साठवले जात नसे. सर्व्हरांमधला दुवा तुटला की चॅनेलचे दोन तुकडे व्हायचे आणि टोपणनावांवरून मारामाऱ्या चालायच्या. लिपीचा प्रश्न तर आपल्या अगदी घरचा. मूळ नियमांनी कोणतीही अक्षरसंहिता, म्हणजे संगणकाने कोणते अक्षर कोणत्या आकड्याने ओळखायचे ते, ठरवून दिली नव्हती. पिर्चच्या काळात देवनागरी उमटवणे हे सोपे काम नव्हतेच. मराठी माणसे रोमन लिपीत मराठी लिहीत बसली. ती सवय अजून कित्येकांच्या बोटांतून गेलेली नाही. व्हॉट्सअॅपने आणि एकूणच स्मार्टफोनने देवनागरी सर्वांच्या हातात दिली, हे मान्य करायलाच हवे.

पण यावरून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. गोठणे हा खुल्या नियमांचा स्वभाव नसून, नियम कुणी आणि कसे सांभाळायचे याकडे झालेले दुर्लक्ष आहे. ईमेल तसेच खुले आहे, त्यात जोडपत्रे आली, देवनागरी आली, स्पॅमला आवर घालण्याच्या पद्धती आल्या. आणि सुधारणेचा वेग हवा म्हणून मालकी सोपवायची, तर त्या वेगाची दिशाही मालकच ठरवणार. जानेवारी २०२१ आठवा. व्हॉट्सअॅपने गोपनीयतेचे नवे धोरण पुढे केले: मान्य करा, नाहीतर अॅप सोडा. चिडून लाखो लोकांनी सिग्नल आणि टेलिग्राम उतरवून घेतले, आणि त्यांतले बरेचसे परत आले. धोरण पटले म्हणून आले नाहीत. सोसायटीचा गट, शाळेचा गट, भावकीचा गट तिथेच होता. नोव्हेंबर २०२४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच धोरणापायी व्हॉट्सअॅपची मालक कंपनी मेटा हिला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. प्रकरण अपिलात गेले. दंड योग्यच होता, पण दंडाने दरवाजा उघडत नाही. सोडून जायची सोय नसलेल्या माणसाची संमती ही संमतीच नसते, हा त्या प्रकरणातला गाभा आहे आणि त्यावर उपाय सोडून जाण्याची सोय करणे हाच.

जानेवारी २०२१मध्येच आपला देशी हाइक मेसेंजर बंद झाला. २०१२मध्ये सुरू झालेला, २०१६ साली १० कोटी वापरकर्ते सांगणारा, भारतीय भाषांतली स्टिकर्स देणारा अॅप. पैसा होता, हुशार माणसे होती. पण हाइकवरून व्हॉट्सअॅपवरच्या माणसाला 'कसा आहेस' एवढा निरोपसुद्धा पाठवता येत नव्हता, आणि तेवढी एक गोष्ट नसली की बाकी सगळे फोल ठरते. २०२५च्या शरद ऋतूत झोहोच्या अरट्टै अॅपवर लोक तुटून पडले तेव्हा कंपनीचे श्रीधर वेंबू यांनी अशा अॅप्सनी यूपीआय आणि ईमेलप्रमाणे एकमेकांशी जोडलेले असावे, असे म्हटले. स्वदेशी असल्याने प्रश्न सुटत नाही हे त्यांनी ओळखले, याचे मला कौतुक वाटते. परदेशी कुंपणाच्या जागी देशी कुंपण घालून वापरणाऱ्याच्या पदरात काही पडणार नाही.

परस्परजोडणी आपल्याला नवी नाही. २० जानेवारी २०११पासून देशभर मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी नंबर जाईल या भीतीने माणसे वाईट सेवा सोसत होती. मोबाइल पाकिटांचे तेच झाले. एका कंपनीच्या पाकिटातले पैसे दुसरीच्या पाकिटात जात नसत. रिझर्व्ह बँकेने ३१ मार्च २०२२ची मुदत घालून, पूर्ण केवायसी झालेली पाकिटे एकमेकांशी जोडायला लावली. यूपीआय तर २०१६पासूनच याच तत्त्वावर उभे आहे. तुम्ही कोणते अॅप वापरता हे भाजीवाल्याला विचारावे लागत नाही. अर्थात यूपीआयमध्येही बहुतेक व्यवहार दोनच अॅप्सवरून होतात, हेही खरे. जोडणी दिली म्हणून मोठे लहान होत नाहीत. पण त्या दोनांपैकी एक उद्या बंद पडले, तर तुमचे बँक खाते आणि भाजीवाल्याचे बँक खाते दोन्ही शाबूत राहतील आणि तुम्ही तिसऱ्या अॅपवरून पैसे द्याल. पिर्चच्या वापरकर्त्याला हीच सोय होती, व्हॉट्सअॅपच्या वापरकर्त्याला नाही.

संदेशांची गुप्तता जोडणीमुळे जाईल, ही दुसरी भीती. ती खरी आहे आणि तिचे उत्तर तंत्रातच शोधावे लागेल. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने जुलै २०२३मध्ये गटांतल्या कूटबद्ध (पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणाला वाचता न येणाऱ्या) संदेशांसाठी एमएलएस हे मानक प्रसिद्ध केले आहे. युरोपने तर कायदाच केला. तिथल्या डिजिटल बाजार कायद्याच्या सातव्या कलमानुसार मोठ्या मेसेंजरने, दुसऱ्या सेवेने मागणी केल्यास, जोडणी द्यायची आहे: आधी दोघांमधले संदेश आणि फाइली, दोन वर्षांनी गट, चार वर्षांनी कॉल, आणि कूटबद्धतेची पातळी तीच राखून. व्हॉट्सअॅपवर ही सक्ती मार्च २०२४पासून आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये मेटाने बर्डीचॅट आणि हायकेट या दोन छोट्या अॅपशी युरोपात जोडणी सुरू करत असल्याचे जाहीर केले. गती मंद आहे, अॅपे अनोळखी आहेत. तरी जोडणी होऊच शकत नाही, हे म्हणणे त्या दिवशी निकाली निघाले. जे व्हॉट्सअॅप युरोपातल्या माणसाला देते ते भारतातल्या माणसाला का देत नाही, याचे उत्तर तांत्रिक नाही. तिथे कायदा आहे, इथे नाही.

आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४मध्ये लोकांसमोर ठेवला गेला. संदेशसेवांचा समावेश त्याच्या कक्षेत आहे. तो पुढे सरकलेला नाही. सरकला तर त्यात परस्परजोडणीचे स्पष्ट कलम हवे, आणि अमेरिकेच्या २००१च्या अटीची चूक टाळून ते साध्या संदेशांपासून सुरू व्हायला हवे. अनोळखी सेवेवरून येणारे निरोप स्वीकारायचे की नाही, हे मात्र प्रत्येक वापरणाऱ्याच्या हाती राहू द्यावे. स्पॅमची तक्रार करणाऱ्यांना यातच बरेचसे उत्तर मिळेल.

महाराष्ट्राला दिल्लीकडे डोळे लावून बसायचे कारण नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये राज्य शासनाने 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सअॅपवरून देण्यासाठी मेटाशी करार जाहीर केला. हेतू चांगला आहे. दाखल्यासाठी तालुक्याला खेटे घालणाऱ्या माणसाचा दिवस वाचणार असेल तर कोण नाही म्हणेल? पण ४ ऑक्टोबर २०२१ला व्हॉट्सअॅप जगभर सुमारे सहा तास बंद होते, २५ ऑक्टोबर २०२२ला पुन्हा काही काळ बंद पडले, आणि कोणती सेवा किती वर्षे चालवायची हे मेटाच्या अमेरिकेतल्या मुख्यालयात, मेन्लो पार्कमध्ये ठरते. उत्पन्नाचा दाखला, सात-बारा, जन्ममृत्यूची नोंद यांचा रस्ता त्यांच्या अंगणातून जावा आणि दुसरा रस्ताच नसावा, हे मला मंजूर नाही. व्हॉट्सअॅपवर जी सेवा द्याल ती त्याच दिवशी संकेतस्थळावर, साध्या एसएमएसवर आणि मागेल त्या दुसऱ्या मेसेंजरवर मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी जोडणीची माहिती माहिती-तंत्रज्ञान विभागाने जाहीर छापली पाहिजे. नागरिकाने शासनाशी केलेल्या संभाषणाची नोंद शासनाच्या सर्व्हरवर राहावी आणि नागरिकाला ती केव्हाही उतरवून घेता यावी. या अटी घालायला नवा कायदा लागत नाही. करारावर सही शासनाची आहे आणि त्याचे नूतनीकरणही शासनाच्याच हातात आहे.